साखळीचं दुसरं टोक

"...आणि व्हीलचेअर गेटवरच मिळते, बाबा. आधार कार्ड ठेवलं की झालं. आईचं काही टेन्शनच नाही," असं अवधूत नागपुरातून म्हणाला आणि इकडे यवतमाळात दीनानाथांनी "बरं" म्हटलं. म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण कशाला बरं म्हटलं. हातातून पेला सुटावा तसा तो शब्द तोंडातून सुटला होता, फुटल्याचा आवाज मात्र आत्ता आला. येत्या रविवारी नातीचा, आभाचा, आठवा वाढदिवस. नागपूरच्या त्या मोठ्या बागेत सगळ्यांनी दिवसभर जायचं. सून अनघा पुऱ्या आणि बटाट्याची भाजी करणार, अवधूत चटया आणणार, दहा वाजता फाटकाशी पोचायचं, तळ्याच्या काठी सावली बघून बसायचं, पोरीनं बदकांना लाह्या टाकायच्या. आठवडाभर हे फोनवर ठरत होतं आणि ठरवण्यातच अर्धी सहल होऊन गेली होती. पुऱ्या किती, लोणचं कोणतं, ऊन कुठून येतं. त्यात ही खुर्ची कुठून शिरली? मधल्या खोलीत त्यांची बायको, शुभदा, मेथी निवडत होती. तिच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखी गोळी वळत असतो, कुणाला न दिसणारी, न संपणारी गोळी. त्यामुळे पान आणि काडी वेगळी करायला एका जुडीला पाऊण तास लागतो. तेवढा ती देते.

"काय म्हणते अवधूत?"

"काही नाही. पुऱ्या करून राह्यली म्हणे अनघा."

"अन् खुर्ची?"

दीनानाथांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी मोठ्यानं बोलतो. घरभर. हे त्यांच्या दर वेळी नंतर लक्षात येतं.

"गेटवर मिळते म्हणत होता. सहज."

"हे पाहा," शुभदा म्हणाली. तिचा आवाज हल्ली बारीक झाला आहे, पण बारीक आवाजाला जी धार असते ती आहे. "मी एकदा त्या खुर्चीत बसली की उठत नाही. मले माहीत आहे. मग घरातही तीच येईन, मग दारातून आत येत नाही म्हणून दार तोडान, मग मी खिडकीपाशी. आभाले मी कबूल केलं आहे, तळ्यापर्यंत तुझ्या संगं चालत येतो. चालत. जमत नसंन तर तुम्ही सगळे जा, मी अन् मानीबाई इथं पापड लाटतो."

आणि तिनं मेथीची पुढची काडी उचलली. बोलणं संपलं.

कंपवाताला तीन वर्षं झाली. हात थरथरतो ते लोकांना दिसतं. पाय अडतो ते दिसत नाही, कारण तेव्हा काहीच घडत नसतं, माणूस नुसता उभा असतो. चालता चालता शुभदाचे तळवे जमिनीला चिकटतात, कुणी खालून धरून ठेवल्यासारखे. वरचं अंग पुढं निघालेलं, पाय मागं, अर्धा मिनिट, एक मिनिट, आणि मग आपोआप सुटतात, जणू काही झालंच नाही. बँकेत असं झालं होतं, त्या आरशासारख्या फरशीवर, ऐन दाराशी. मागं रांग. "चला ना काकू." "काकू, सरका ना." काकू सरकत नव्हत्या. दीनानाथ नेहमीप्रमाणे सात-आठ पावलं पुढं, खिडकीशी जाऊन उभे, पासबुक हातात, आणि त्यांनी मागं वळून पाहिलं तेव्हा शुभदा त्यांच्याकडे पाहत होती. हाक मारत नव्हती. नुसती पाहत होती. त्या नजरेतून सुटायला त्यांना अजून जमलेलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी एकच उपाय धरला : सपाट करणं. भूमी अभिलेख खात्यात तेहतीस वर्षं मोजणी केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? दोन शेतांमधला धुरा, नाला, ढेकळं, कापसाच्या पऱ्हाटीची धसकटं, जे जे उंचसखल ते मोजणीच्या साखळीच्या आड येतं. सपाट जमीन दिसली की मोजणीवाल्याचा जीव निवतो. म्हणून त्यांनी आधी घराचे तीन उंबरे काढले. मग घरातल्या अरुंद बोळीतल्या जुन्या शहाबादी फरशीवर पांढऱ्या गुळगुळीत टाइल्स बसवून घेतल्या, सांधा हाताला लागू नये इतक्या घट्ट. "आता पाहा, लोणी," ते म्हणाले होते. शुभदा त्या लोण्यावर चार पावलं चालली आणि अडली. नंतर रोज तिथंच अडू लागली. दीनानाथांना वाटलं, आजार वाढला. मागचं अंगणही तसंच करायचं होतं, पण गवंडी भाच्याच्या लग्नाला म्हणून गावी गेला तो परत आलाच नाही. म्हणून अंगणात अजून जुन्या फरशा आहेत, काळ्या, ओबडधोबड, मधल्या फटींत गवत घेऊन बसलेल्या. दीनानाथ तिकडे बघायचे आणि त्यांना आपलं काम अर्धं राहिल्यासारखं वाटायचं.

ही चालायची कशी, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं का? हा प्रश्न त्या मंगळवारी, फोन ठेवल्यावर, त्यांच्यासमोर येऊन बसला. पाहिलं नव्हतं. कारण ते पुढं असायचे. बाजारात पुढं, लग्नात पुढं, दवाखान्यात पुढं. साखळी ओढणारा माणूस पुढंच असतो. तेहतीस फुटांची साखळी, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची. मागचा माणूस एक टोक खुणेच्या दगडावर दाबून धरतो, पुढचा दुसरं टोक घेऊन चालत जातो, ताण देतो आणि थांबतो. मागच्यानं टोक बरोबर खुणेला लावलं की ओरडायचं : "लागली!" तोवर पुढच्यानं काही करायचं नाही. श्वास घ्यायचा, बस. वीस वर्षं त्यांच्या साखळीचं मागचं टोक किसनसिंगानं धरलं, बोरी अरबच्या बाजूच्या तांड्यावरचा उंच, कमी बोलणारा माणूस. दिवसभरात त्याच्या तोंडून निघणारा मोठा शब्द तोच, लागली. आता तो नाही. त्याची बायको मानीबाई मुलाकडे, शामकडे, यवतमाळात राहते आणि सकाळी दहा ते बारा शुभदाच्या मदतीला येते, अंघोळ, वेणी, दोन भाकरी.

आणि एकदा... साल चौऱ्याऐंशी. आर्णीचा मोजणी कॅम्प. लग्नाला दोन वर्षं झालेली, भाड्याची एक खोली, शुभदा कॅम्पवर सोबत आलेली. दोन भाऊ धुऱ्यावरून भांडत होते, दोघांचीही माणसं दोन्ही बाजूंना उभी, आणि ऐन वेळी किसनसिंग तापानं फणफणून बाभळीखाली आडवा. डबा घेऊन शुभदा शेतात पोचली ती नेमकी तेव्हा. "काय धरायचं असते? हे टोक? द्या इकडं." तिनं पदर खोचला आणि उकिडवी बसली. दोन्हीकडची माणसं भांडण विसरून हसायला लागली, साहेबाची बाई साखळी धरून राह्यली म्हणून. दीनानाथ कानांपर्यंत लाल झाले. पुढं गेले, ताण दिला. आणि मागून, तेहतीस फुटांवरून, तुरीच्या ओळींमधून, स्वच्छ, जराही न लाजता आवाज आला, "लागली!" त्या दिवशी त्यांनी तिच्याबरोबर सत्तेचाळीस वेळा साखळी टाकली. किसनसिंगाची ओढ बैलासारखी होती, साखळी तारेगत वाजायची. शुभदाची ओढ... हाताला कळायची एवढंच. जेवढी हवी तेवढी. कमी नाही, जास्त नाही. संध्याकाळी दोन्ही भावांनी मोजणी कबूल केली. दीनानाथांना तेव्हा वाटलं होतं की हिला सांगावं, तुझा हात फार चांगला आहे. मग वाटलं, उद्या सांगू. त्या उद्याला एक्केचाळीस वर्षं झाली.

बुधवारी सकाळी सहा वाजता ते पिशवी घेऊन निघाले.

"केळापूरला जाऊन येतो. पुंडलिकराव बरेच दिवस झाले बोलावून राह्यले. देवीचं दर्शनही होईन."

"डबा?"

"तिथंच जेवतो."

आणि ते नागपूरच्या गाडीत बसले. आयुष्यात बायकोशी खोटं बोलण्याची ही त्यांची दुसरी वेळ असेल, नाहीतर तिसरी, आणि गाडी कळंब सोडेपर्यंत त्यांना घाम येत होता. मग कळंब गेलं आणि एक वेगळीच तरतरी आली. कॅम्पवर निघाल्यासारखी. पिशवीत जुनी मोजणी वही, दोन पेन्सिली, खोडरबर, पाण्याची बाटली. साखळी नाही, ती सरकारजमा. पण साखळी त्यांच्या पायांत आहे. दीनानाथांची तेरा पावलं म्हणजे एक साखळी, चढावर असो की उतारावर, तरुणपणी शिकून घेतलेलं, सत्तरीतही इंचाचा फरक नाही. हा त्यांचा एकुलता एक गर्व.

बाग त्यांनी पूर्वी पाहिली होती, पण ती पाहुण्यासारखी. आज मोजणीवाल्याच्या डोळ्यांनी पाहिली आणि थक्क झाले. केवढी जमीन! शहराच्या मधोमध एवढी जमीन कुणालाही न देता, कशालाही न विकता, नुसती माणसांनी चालावं म्हणून ठेवलेली. तेहतीस वर्षांत अशी जमीन त्यांच्या साखळीखाली आली नव्हती. जी मोजली ती कुणाची तरी होती, कुणाशी तरी भांडणारी होती. इथं धुरा नाही. कुणी म्हणत नाही की शेजाऱ्यानं दोन फूट घेतली. एक म्हातारे गृहस्थ पाठ पुढं करून उलटे चालत होते, पाच-सहा बायका गोलात उभ्या राहून मोठमोठ्यानं खोट्या हसत होत्या आणि हसता हसता खऱ्या हसू लागत होत्या. एक मुलगी बाकावर पुस्तक उघडं टाकून झोपली होती. उंच शिरिषांच्या सावल्या सकाळच्या उन्हात एवढ्या लांब पडल्या होत्या की सावल्याच मोजाव्यात. मोजल्याच त्यांनी. दहा वाजता कुठं, अकराला कुठं, बाराला कोणत्या बाकावर ऊन. वही गुडघ्यावर टेकवून ते टिपण काढत होते, त्यांच्या जुन्या, खात्यात नाव मिळवलेल्या बारीक अक्षरात, आणि पाठीमागून माळ्यानं विचारलं, "क्या नाप रहे हो काका? इधर भी मॉल आ रहा क्या?"

"नहीं, नहीं. बीवी को लाना है," दीनानाथ म्हणाले.

माळ्यानं मग न विचारता पाण्याचा नळ कुठं आहे आणि कोणत्या संडासाची कडी लागते ते सांगितलं.

*टिपण. फाटक ते फाटा : साखळी १. नवा सिमेंटचा रस्ता. सपाट. उत्तम.*

*फाट्यापासून डावीकडे, नवा रस्ता, तळ्यापर्यंत : साखळ्या २४. सपाट, सलग, एकही सांधा नाही. उत्तम. बाक पाचव्या, अकराव्या, अठराव्या साखळीला. सावली आहे.*

*फाट्यापासून उजवीकडे, जुनी वाट, तळ्यापर्यंत : साखळ्या १८. दगडी फरशा, दर दीड फुटाला फट, फटीत गवत. खराब. टाळावी.*

*एकूण पावलं डाव्या रस्त्यानं : ३२५. बसत बसत. जमेल.*

जमेल या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. उजवी वाट तिरक्या फुलीनं खोडली. मग तळ्याच्या काठी जाऊन उभे राहिले. पाण्यावर बदकं होती, रविवारच्या लाह्यांची वाट बघत असल्यासारखी. आपण बायकोसाठी एवढं काही पहिल्यांदाच मोजतो आहोत, हे त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना एकाच वेळी बरं वाटलं आणि लाज वाटली, कोणतं आधी ते सांगता येईना.

दिवेलागणीला घरी पोचले. शुभदा पलंगावर बसून होती. मानीबाई दुपारीच घरी गेलेली.

"कसे आहेत पुंडलिकराव?"

"बरे आहेत. गुडघे दुखतात म्हणे."

"हो. मलेही तेच सांगत होते."

"कधी?"

"दुपारी. फोन आलता त्यांचा. दीनानाथ आहे काय म्हणे घरी, बरेच दिवस झाले आवाज नाही. मी म्हटलं, तुमच्याच इथं जेवून राह्यले ते." शुभदाच्या चेहऱ्यावर हल्ली हसू लवकर उमटत नाही, आजारानं चेहरा जरा गोठल्यासारखा होतो. पण डोळे हसत होते. "कुठं गेलते तुम्ही?"

दीनानाथांनी वही काढली. तिच्या मांडीवर उघडून ठेवली. तिनं चष्मा लावला. आर्णीच्या दिवसांपासून तिला टिपण वाचता येतं, बाण कुठं, साखळी कुठं, खूण कुठं. ती वाचत राहिली, अंगठा गोळी वळत राहिला, आणि दीनानाथ परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे उभे राहिले.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली.

"म्हटलं... खुर्ची लागू नये."

ती पुन्हा पानाकडे वळली. पानावरचे ते मोजलेले बाक, ती दहा वाजताची आणि अकरा वाजताची सावली, पाण्याचा नळ. मग तिचं बोट शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं.

"तीनशे पंचवीस पावलं. कुणाची?"

दीनानाथांनी वहीतला तो आकडा पुन्हा पाहिला. तेरा पावलांची साखळी. तेरा माझी. साऱ्या जिल्ह्याची जमीन मी माझ्या पावलांनी तपासून पाहिली, आणि आज...

"आणि ही वाट काहून खोडली?"

"फुटकी आहे ती. दर दीड फुटाला फट. तू अडखळशीन."

"दीड फुटाला?" ती एकदम ताठ बसली. "नक्की दीड?"

"माझ्या डोळ्यात फरक नसते."

"उद्या वाचनालयात जाऊ नका," शुभदा म्हणाली.

दीनानाथ रोज दहा ते बारा नगर वाचनालयात पेपर वाचतात. दोन महिन्यांत त्यांनी दहा ते बारा हे घर पाहिलंच नव्हतं. गुरुवारी मानीबाई आली, तिनं साहेबांना घरात पाहिलं आणि हातातली काठी पाठीमागं लपवली.

"दाखव त्यांना, दाखव," शुभदा म्हणाली. "आता काय लपवणं."

"साहेब रागावतीन ना बाई. मी तुमाले बैलागत चालवते म्हणून."

"बैलागतच चालवते ही मले. दोन महिन्यांपासून. ऐका तुम्हीच."

मग मानीबाईनं सांगितलं, पदराचं टोक दातांत धरून, अर्धं हसत. तिच्या सासऱ्याचे आजोबा बैलांवर मिठाच्या गोण्या लादून दूरदूर जायचे. लादलेला बैल कधीकधी नाल्याच्या काठावर अडतो. भ्यालेला नसतो, थकलेलाही नसतो, नुसता अडतो. "त्याले मारलं तं अजून अडते, साहेब. ओढलं तं बसूनच जाते. मंग काय करायचं, त्याच्या पायापुढं काठी आडवी ठेवायची. बैल काठीकडं पाहते. काठी ओलांडाले पाय उचलते. एक पाय उचलला का सारा बैल जाते. हे आमच्या घरी लहान पोराले बी माहीत. बाई अशा अडल्या तवा मी म्हटलं, पाहा बरं करून."

"अन् मी म्हटलं, ठेव तुझी काठी," शुभदा म्हणाली. "अन् पाय उचलला."

काठीवरून फरशीवर त्या दोघी कधी आल्या, ते कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. शुभदा मागच्या दारातून अंगणात उतरली, त्या जुन्या, काळ्या, अर्धवट राहिलेल्या फरशांवर. मान खाली. फट दिसली, पाय उचलला, ओलांडली. पुढची फट. ओलांडली. दीनानाथ दारात उभे होते. त्यांना वाटलं ही आता अडेल. अडली नाही. मोरीपासून कढीपत्त्याच्या झाडापर्यंत गेली, वळताना झाडाला धरून जरा थांबली, तोंडानं काहीतरी पुटपुटली, आणि परत निघाली. जिला बोळीतल्या चार लोण्यासारख्या पावलांना दहा मिनिटं लागायची ती बाई फुटक्या अंगणातून अशी चालत येत होती, जसं कुणी जुनं पत्र ओळीवर बोट ठेवून वाचतं. सावकाश, एकही अक्षर न गाळता. गवताच्या प्रत्येक रेघेनं तिला पुढची रेघ दाखवली. दोन महिने. रोज. नवरा पेपर वाचायला गेला की. कुणाला सांगितलं नाही, कारण पडली असती तर सगळ्यांनी बंद केलं असतं. त्या म्हाताऱ्या, थरथरत्या, हट्टी बाईकडे दीनानाथ पाहत राहिले. हे पाय त्यांनी मागं वळून कधी पाहिले नव्हते. आत्ता पाहिले आणि त्यांना वाटलं की तेहतीस वर्षं आपण जी हुशारी हुशारी म्हणत होतो ती हिच्या एका पावलाच्या बरोबरीची नव्हती.

"एक फरशी, एक पाऊल," ते म्हणाले. "दीड फूट. बावीस पावलांना साखळी."

"मोजलं काय?"

"मोजलं."

मग त्यांना बोळी आठवली. टाइल्स. उंबरे. एकेक करून आपण हिच्या सगळ्या रेघा पुसल्या. एवढ्या प्रेमानं. "उद्याच गवंडी बोलावतो," ते म्हणाले. "सारं फोडून टाकतो."

"फोडू नका काही. रेघा ओढा. रेघा ओढता येतात ना तुम्हाले?"

त्या दुपारी मानीबाईच्या मुलाच्या, शामच्या, दुकानातून काळ्या चिकटपट्टीची दोन रिळं आली. दीनानाथ गुडघ्यांवर बसले आणि बोळीच्या पांढऱ्या फरशीवर दीड-दीड फुटानं आडव्या पट्ट्या चिकटवत गेले, पट्टीनं मोजून, काटकोनात. गुडघे दुखत होते. सरकारी नकाशावरसुद्धा त्यांनी इतकी चोख रेघ ओढली नसेल. संध्याकाळी वहीचं नवीन पान. *टिपण. उजवीकडे, जुनी वाट : साखळ्या १८. दर दीड फुटाला फट. उत्तम. एकूण पावलं, फाटकापासून : ४१८. पावलं शुभदाची.* आणि खाली, फाटक ते फाटा, तीच एक साखळी. सपाट, सलग. त्यापुढं त्यांनी लिहिलं, *अवघड*, आणि त्यापुढं, *काठी*.

"अवधूत, खुर्ची नको," त्यांनी फोनवर सांगितलं.

"बाबा, असू द्या ना. मागून मी नुसती ढकलत आणतो. सेफ्टीसाठी. बसायचं थोडीच आहे."

"मागं खुर्ची चालून राह्यली तं पुढच्याले ती ऐकू येते. खुर्ची आली तं आम्ही नाही."

दीनानाथ मुलाशी असं कधी बोलत नाहीत. अवधूतनं "बरं" म्हटलं. ते 'बरं' कसं असतं ते दीनानाथांना चांगलं ठाऊक होतं.

रविवारी पावणेदहाला, बसस्टँडवरून घेऊन, अवधूतच्या गाडीनं त्यांना फाटकाशी उतरवलं. अवधूत गाडी लावायला जागा शोधत पुढं गेला, आणि गाडीबरोबर, मागच्या सीटवर आडवी ठेवलेली, मानीबाईची काठीही गेली. टिपण चोख होतं. वही पिशवीत होती. काठी गाडीत. अनघानं डब्यांची पिशवी खांद्यावर टाकली, आभा आजीचा हात धरून नाचत होती, फुग्यासारखा फुगलेला निळा झगा घालून, आणि दीनानाथ, सवयीनं, फाटकातून आत शिरून सात पावलं पुढं गेले. मग मागं काही आवाज येईनासा झाला.

वळून पाहिलं. शुभदा फाटकाच्या आत, नव्या सिमेंटवर, उभी. वरचं अंग जरा पुढं. पाय नाहीत. मागं लोकं, बाजूनं जाणारी, बघणारी. फाटकावरच्या माणसानं हे रोज पाहिलेलं असणार, त्यानं भिंतीशी उभी केलेली खुर्ची कुणी न सांगता पुढं आणली, चांगुलपणानं, "बिठा दो माताजी को, काका, आराम से." खुर्चीचं एक चाक करकरत होतं. आभानं विचारलं, "आजी, तू थांबली काहून?" शुभदा दीनानाथांकडे पाहत होती. बँकेत पाहिलं होतं तसं. हाक न मारता.

सिमेंटवर एक रेघ नव्हती. कुठंच. उत्तम, त्यांनी लिहिलं होतं.

दीनानाथ सात पावलं परत आले. तिच्यासमोर उभे राहिले, मग बाजूला वळले आणि आपला उजवा बूट तिच्या पायांपुढं आडवा ठेवला. काळा, नाडीचा, कॅम्पवरचा असतो तसा बूट. तेरा पावलांत साखळी मोजणारा.

शुभदानं खाली पाहिलं.

"पॉलिश नाही केलं काय?" ती म्हणाली. आणि पाय उचलला. बूट ओलांडला.

त्यांनी बूट उचलून पुन्हा पुढं ठेवला, दीड फुटावर, आडवा. तिनं ओलांडला. पुन्हा. खेकड्यासारखे, तिरके तिरके, एकमेकांच्या पायांकडे बघत दोघं निघाले. आभाला हा खेळ कळला आणि ती मोठ्यानं मोजू लागली, चार, पाच, सहा. फाटकावरचा माणूस खुर्चीचा दांडा धरून तसाच उभा राहिला. गाडी लावून धावत आलेला अवधूत फाटकातच थबकला, हातात काठी. त्यानं पुढं यायला पाऊल टाकलं तसं अनघानं त्याचा दंड धरला. अकरा, बारा. तेराव्या पावलाला दीनानाथांची साखळी भरली असती. ती भरली नव्हती. अजून नऊ पावलं होती, आणि इतकी सावकाश, इतकी नीट मोजलेली जमीन त्यांच्या पायाखालून पूर्वी कधी गेली नव्हती. एकोणीस. वीस. एकविसाला शुभदा जरा थांबली, तोल सावरला, आभाचा हात सोडून दिला.

समोर पहिली काळी फरशी होती, तिच्या कडेला गवताची हिरवी रेघ, आणि पुढं तशाच रेघा, एकीमागं एक, झाडांखालून तळ्यापर्यंत. दीनानाथांनी बूट मागं घेतला आणि बाजूला झाले. शुभदानं शेवटचं पाऊल उचललं, रेघ ओलांडून फरशीवर दाबून ठेवलं. आता ती पुढं होती आणि ते मागं. त्यांच्या हातात काही नव्हतं, तरी मूठ आवळली गेली, ताण लागावा तशी. आणि पुढून, मान न वळवता, बारीक आणि स्वच्छ आवाजात ती ओरडली,

"लागली!"